नेकेसाचं नाक

दूध उतू गेलं, करपलं, शेजारची चपात्या विकणारी अधियांबो धावत आली, तरी नेकेसा चुलीकडे पाठ करून निवांत कांदा चिरत बसली होती.

"अगं ए बाई, नाक गहाण ठेवलंयस का?" अधियांबो ओरडली. "पार रस्त्यापर्यंत वास आलाय!"

नेकेसाला वास आला नव्हता. भांड्यावर वाकली तरी येईना. सर्दी म्हणावी तर तीही नव्हती.

मग वास गेला तरी कधी? ती आठवायला लागली आणि घोळ आणखीच वाढला. नैवाशाच्या तळ्याकाठच्या फुलबागेत ती कित्येक वर्षं गुलाब कापत होती. पण त्या गुलाबांना वास नसतोच. फूल विमानातून परदेशी जाणार, तिथे स्वस्तात विकलं जाणार आणि वर फुलदाणीत टिकायलाही हवं, म्हणून वाणच तसले. त्यांच्यावरून नाकाची पारख कशी व्हायची? नवऱ्याचं नाव बरासा, तो मासेमार. "माझ्या बायकोनं माशांच्या वासाला कधी नाक मुरडलं नाही," असं तो चारचौघांत मिरवायचा. पण हल्ली जाळी रिकामीच येत. बागांनी तळं उपसलं आणि उरलेल्यात औषधं सोडली, असं म्हणून तो शिव्या हासडायचा. मासेच नाहीत, तर त्यांचा वास कुठून येणार?

फवारणी झाली की पॉलिहाऊसवर लाल झेंडा लागे. तो असेपर्यंत आत जायचं नाही, असा नियम. आणि फेब्रुवारीत परदेशातल्या प्रेमिकांची घाई झाली की मुनेने नावाचा मुकादम तो झेंडाच लवकर उतरवी. नियम मोडला असं कोण म्हणणार? नाक त्यानंच गेलं की आणखी कशानं, नेकेसाला कळेना. विचारावं तर काम जायची भीती.

दुसऱ्या दिवशी मुनेने एक नवी बादली घेऊन आला. "हा महागडा वाण. याला वास आहे बरं का! घेऊन बघा."

सगळ्याजणींनी नाकं खुपसली. "वा!" "काय गोड!" नेकेसाही म्हणाली, "वा!"

मग तिनं शेजारी उभ्या असलेल्या चेबेतला हळूच विचारलं, "तुला आला गं?"

"सगळ्या म्हणाल्या ना, आला म्हणून?" चेबेत फणकारली आणि दुसरीकडे बघायला लागली.

आता याला काय म्हणावं! नेकेसानं त्यातलं मान मोडलेलं एक फूल कमरेला बांधलेल्या लेसोच्या कापडात गुंडाळून घरी आणलं. स्वतःच्या नाकाचं तिनं सोडून दिलं होतं. लेकीचं शाबूत आहे ना, एवढंच तिला बघायचं होतं.

छोट्या नालियाकानं फूल हुंगलं आणि तिचे डोळे चमकले. "मस्त! मधासारखं!"

नेकेसाचा जीव भांड्यात पडला.

"पण आई, हे खरं फूल नाही."

"का गं?"

"फुलाचा वास असा नसतो. तुझ्या लेसोला येतो ना, डोळे चुरचुरतात तो, तो फुलाचा."

नेकेसानं लेसो नाकाशी धरलं. काहीच नाही. रोज संध्याकाळी याच लेसोत ती पोरीला गुरफटून घेत असे, अगदी तान्ही होती तेव्हापासून.

नालियाका सवयीनं कुशीत शिरायला आली. तिला जवळ घ्यावं की दूर सारावं, नेकेसाला कळेना. तिचे हात नुसतेच पुढे झालेले राहिले.