सामाईक खातं

माडीवरच्या खोलीत दोघं चुलत भावंडं संगणकापुढे बसली होती. पडद्यावर एक राखाडी चौकट होती, चौकटीत तीनच ओळी होत्या. त्या केव्हाच वाचून झाल्या होत्या, तरी समृद्धी त्यांच्याकडे पाहत राहिली होती. आणखी थोडा वेळ पाहिलं तर ओळी आपला अर्थ मागे घेतील, असं काहीसं तिला वाटत असावं. सार्थक खुर्चीत उलटा बसून, खुर्चीच्या पाठीवर हनुवटी टेकवून, छताच्या पंख्याकडे पाहत होता. शेजारच्या गुऱ्हाळावरून काकवीचा वास खोलीत येत होता आणि तसाच थांबून राहिला होता.

'आपले खाते स्थगित करण्यात आले आहे. कारण कळवण्यास आम्ही बांधील नाही. खातेदाराने स्वतः आपली ओळख पटवावी.'

खातेदार होते तात्याबा. ते दोघांचे आजोबा. या घटकेला ते खाली चिंचेच्या सावलीत बसून पानाला चुना लावत होते.

ही गंमत शाळेच्या वयातली. इंटरनेटवर कॉम्प्युटरच्या खेळांचं जे मोठं दुकान आहे, ज्याला खेळणारे नुसतं 'दुकान' म्हणतात, तिथं खातं काढायला वय कमी पडत होतं. तेव्हा कासुर्डीच्या या घरात सगळे एकत्र होते. समृद्धीनं आजोबांचं आधार कार्ड आणलं आणि सार्थकनं त्यांचं नाव घातलं. जन्मतारीख एक जून; गुरुजींनी सगळ्या गावालाच ती दिली होती. किल्ल्याच्या खेळात त्यांचा जो गडी उभा राहिला, त्याचंही नाव तात्याबा पडलं. उघड्या कातळावर दोघांनी एकेक दगड रचून गड उभा केला. परक्या देशांतले अनोळखी लोक त्यावर चालून येत आणि तात्याबाच्या हातून मरत. आजोबा जेवताना विचारीत, "आज कितीजण लोळवलं म्या?" आणि घर हसे.

मग वाटणी झाली. त्या मुलखातली रीत अशी, की थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचं. थोरले बापूसाहेब, म्हणजे समृद्धीचे वडील, यांनी वाटे पाडले; धाकट्यानं, म्हणजे सार्थकच्या वडिलांनी, कासुर्डीचं रान उचललं. बापूसाहेबांच्या वाट्याला तळेगाव ढमढेरेची जमीन आली; सामाईक विहिरीजवळचं रान तेवढं निम्मं निम्मं झालं. निबंधकाच्या कचेरीत समृद्धीची सही लागली. मत लागलं नाही. तात्याबांचेही वाटे झाले: गुढीपाडव्यापासून दसऱ्यापर्यंत एकाकडे, दसऱ्यापासून पाडव्यापर्यंत दुसऱ्याकडे. दोन्ही भावांचं बोलणं त्यानंतर विहिरीवरच्या मोटारीवरून तुटलं, ते तुटलंच.

वर माडीवर पोरांनीही रीत पाळली होती. थोरली समृद्धी, म्हणून वाटे तिनं पाडले. एका बाजूला मशीन, म्हणजे खेळायचा संगणक, दुसऱ्या बाजूला खातं. सार्थकनं मशीन उचललं. पण खात्याविना मशीन म्हणजे दिव्याविना देवळी, आणि खातं काही दोघांत चिरता येईना. दुकानाचा नियम स्पष्ट होता: विकत घेतलेला खेळ आपला नसतो, तो खेळण्याची परवानगी तेवढी आपली असते, ती देता येत नाही, वाटता येत नाही, वारसानं मिळत नाही. गड दुसऱ्या खात्यावर हलत नाही. एकाच वेळी दोन ठिकाणी खातं उघडलं, तर एकाला हाकलून दिलं जातं. तेव्हा समृद्धीला सामाईक विहीर आठवली. विहिरीचे तुकडे होत नाहीत, म्हणून लोक पाण्याच्या बाऱ्या लावतात. आठवड्याचा पूर्वार्ध सार्थकचा, गुरुवारपासूनचा उत्तरार्ध तिचा.

ती बारी दोघांनी ज्या निष्ठेनं पाळली, त्या निष्ठेनं त्यांच्या बापांनी विहिरीवर कधी पाळली नव्हती. तळेगावात समृद्धीला ओळखणारं कुणी नव्हतं. रांजणगावच्या कारखान्यातून ती परते, स्वतःच्या लॅपटॉपवर गड उघडी आणि सार्थक काय ठेवून गेला ते पाही. कधी ढासळलेला बुरूज सावरलेला असे, कधी कोठीत धान्य असे, कधी दरवाजाशी उगाचच एक मशाल लावलेली असे. तीही जाताना काहीतरी ठेवून जाई. समोरासमोर ते एकदाही खेळले नाहीत; तरी तिला वाटे, या जगात आपल्याशी बोलणारा एवढा एकच माणूस आहे. आणि तो एकही शब्द बोलत नाही.

आज ती तात्याबांना न्यायला आली होती. पाडवा काल झाला होता; आजपासून म्हातारा तळेगावचा. माडीवर पाऊल ठेवलं तेव्हा सार्थकनं काही न सांगता पडदा तिच्याकडे वळवला होता.

"तू विंडोज काढून ते फुकटातलं काहीतरी टाकलंस मशीनवर," अखेर ती म्हणाली.

"फुकटातलं न्हाई. मोकळं. लिनक्स म्हनत्यात त्याला."

"काय अडलं होतं?"

"विंडोजचं नवं ह्या मशीनला चालंना. मशीन रेड्यावानी धडधाकट हाय, पर बोर्डावर एक चिप न्हाई म्हनं. जुनं ठेवावं तर कंपनीनं त्याची राखण बंद केली. म्हंजी चांगला बैल, दातावरनं बाजारातनं माघारी." तो किंचित हसला. "आन् त्या जुन्यावर तरी काय होतं? मेनू उघडला की जाहिरात. दुकानात खेळ घेतला, तरी खेळाच्या कंपनीचं निराळं दुकान उघडतंय, तिथं पुन्हा नाव सांगा, गाव सांगा. खेळायला बसलो का पोलीस पाटलाकडं आलो, कळंना झालंय."

"आणि तुझ्या मोकळ्यावर लबाडी पकडणारा खेळाचा राखणदार भुंकला."

"भुंकतोय, पर दुसऱ्या खेळांत. आपला चालतोय. म्या वाचून बघितलंय."

"मग खातं कशानं बंद झालं?"

सार्थक उठला. खुर्ची सरळ केली, मग म्हणाला, "तुझ्या बारीनं."

"काय?"

"आठवड्याचं अर्धं कासुर्डी, अर्धं तळेगाव. घड्याळ लावल्यागत. कवा चुकली न्हाई. ताये, घरातला एक मानूस आसा खेळतो का? त्यास्नी वाटलं आसंल, म्हाताऱ्यानं खातं भाड्यानं लावलंय. आपून थोडी चोरी केली आस्ती, मधीच शिरलो आस्तो एकमेकांच्या वारात, तर कुनाला कळलं नसतं."

हिशोब बरोबर होता. विहिरीला माणसं ओळखता येतात, दुकानाला फक्त खातेदार ओळखता येतो. ज्या प्रामाणिकपणाचा तिला मनातल्या मनात अभिमान होता, तोच दूरच्या कुठल्याशा यंत्राला लबाडीसारखा दिसला होता. आणि यात कुणाचं चुकलं, हे ते यंत्र कधीच सांगणार नव्हतं.

"कळ दाबून बघ," ती म्हणाली. "ओळख पटवा म्हणतंय ना. खातेदार खालीच बसलाय."

तात्याबा जिना सावकाश चढून आले. धोतर स्वच्छ होतं, प्रवासासाठी नवी टोपी घातली होती. सार्थकनं त्यांना खुर्चीवर बसवलं, आधार कार्ड कॅमेऱ्यापुढे धरलं आणि मोबाईल त्यांच्या तोंडासमोर आणला.

"ह्यातनं कोन बघतंय मला?"

"कुनी न्हाई, आबा. मशीनच."

"मंग त्याला मी कसा ठावा?"

"मान उजवीकडं करा. आता डावीकडं."

"बैल इकत घेताना आसंच करत्यात," म्हाताऱ्यानं शांतपणे शेरा मारला आणि मान वळवली.

हिरवी खूण उमटली. दुकानानं त्यांना ओळखलं होतं: तात्याबा, जन्म एक जून, राहणार कासुर्डी, बहात्तर खेळांचे आणि एका गडाचे धनी. सार्थकनं सुटकेचा श्वास सोडला. मग पुढचं पान उघडलं. समृद्धीनं ते मोठ्यानं वाचलं, कारण आजोबांना वाचता येत नव्हतं आणि सार्थक वाचायचं थांबला होता.

यापुढे हे खाते एकाच मोबाईल नंबरला बांधले जाईल. दुसऱ्या कुणी वापरल्याचे आढळल्यास ते कायमचे बंद होईल. हे खाते मी एकटा वापरतो व वापरीन, हे मला मान्य आहे.

खाली नंबरासाठी रिकामी जागा होती. तात्याबांचा स्वतःचा मोबाईल नव्हता.

"माझा टाकू का?" सार्थक म्हणाला. मग घाईनं, "मशीन हितं हाय म्हनून म्हनतोय. तू नवं खातं काढ, ताये. मी दगड देतो, धान्य देतो. गडाच्या शेजारीच जागा धर."

"शेजारी."

"मंग काय झालं?"

काय झालं, ते तिला सांगता आलं नाही. तिच्या बापाची आणि त्याच्या बापाची विहिरीजवळची रानं शेजारीच होती; मधला बांध दरवर्षी कोरला जात होता. शेजार म्हणजे काय, हे भावकीला नव्यानं शिकवावं लागत नाही. नव्या खात्यावर ती दगड रचील, तोही येईल, बुरुजावरून हात करील. पण सकाळी उठून आपल्याच घरात दुसऱ्यानं लावलेली मशाल सापडावी, तसं पुन्हा होणार नव्हतं.

"आबा, तुम्ही सांगा," सार्थक म्हणाला. "खातं तुमचं हाय. कुनाचा नंबर?"

तात्याबांनी एकदा नातवाकडे पाहिलं, एकदा नातीकडे. "दोघांचा टाक की."

"एकच घेतंय, आबा."

"मंग आर्धा ह्याचा, आर्धा तिचा."

"आसं नसतंय."

"नसतंय तर मला कशाला इचारता?" म्हातारा म्हणाला. "दोन पोरं माझी. एकाचं नाव घ्याया मला वाटनीत जमलं न्हाई, आता काय जमायचंय." त्यांनी टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली.

पानाच्या कोपऱ्यात वेळ सरत चालल्याची पट्टी आखडत होती. समृद्धीला वाटलं, आपण काहीच केलं नाही तर पट्टी संपेल, खातं जाईल, गड जाईल आणि कुणाचंच काही उरणार नाही. त्यातही एक समान न्याय आहे. तिनं क्षणभर तो न्याय मनात तोलून पाहिला. सार्थक पट्टीकडे नाही, तिच्याकडे पाहत होता. त्याचे हात मांडीवर होते. तो हिसकावून घेत नव्हता, आणि ते तिला जास्त जड गेलं.

थोरल्यानं वाटे पाडायचे, धाकट्यानं आधी उचलायचं. तिनं कीबोर्ड आपल्याकडे ओढला. सार्थकचा नंबर तिला पाठ होता. एकामागून एक आकडे तिनं शांतपणे टाकले. मग बाण 'मान्य आहे' या शब्दांवर नेऊन आजोबांचं बोट माउसवर दाबलं. राखाडी चौकट गेली. पडद्यावर पहाटेच्या धुक्यात गड उभा राहिला, दरवाजा बंद, बुरूज शाबूत.

"आलं," तात्याबा म्हणाले. "माझं घर आलं."

कुणी हसलं नाही. खाली रस्त्यावर तळेगावला सवाऱ्या नेणाऱ्या वडापच्या जीपनं हॉर्न दिला. आजोबांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि कठडा धरून ते जिना उतरू लागले. समृद्धीनं कोपऱ्यातलं त्यांचं गाठोडं उचललं.

सार्थक खुर्चीतून अर्धवट उठला. त्याच्या मागे पडदा उजळलेला होता.

"ताये," तो म्हणाला, "गुरवारी बघायला तरी येशील ना? तुझ्या हातचा बुरूज हाय त्यो. मी काय हात लावनार न्हाई त्याला. येशील ना?"

तिनं गाठोडं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं, पुढच्या पायरीवर आजोबांना आधार द्यायला हात पुढे केला, आणि ती जिना उतरून गेली.