खोली नऊ फूट

थोरल्या सुनेनं बाटलीचं बूच काढलं. प्रयोगशाळेतल्या सवयीनं नाक जवळ न नेता, पंजानं वाफ आपल्याकडे ओढून घेतली, आणि तरीही तिला तोंड बाजूला वळवावं लागलं. आधी कुजल्या अंड्याचा वास, त्याखाली साबणाचा गोडसर, आणि सगळ्याच्या तळाशी जो असणार हे तिला ठाऊक होतं तो.

"काय म्हणतंय पाणी?" वर रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या नवऱ्यानं विचारलं.

"वरच्या घराची टाकी गळतेय. सगळं आपल्या जागेत मुरतंय."

"उतार म्हटल्यावर खालीच येणार ते. उद्या आपलंही जाईल की खालच्याकडे. त्यात काय एवढं!"

तिनं बूच घट्ट बसवलं आणि बाटली रुमालात गुंडाळली. शहराचं पाणी तपासण्याचीच तिची नोकरी होती, त्यामुळे घाणीचं तिला अप्रूप नव्हतं. बाटलीत भरून, चिठ्ठी लावून आलेली घाण बिचारी आपली असते तेवढीच असते, स्वतःला दुसरं काही म्हणवत नाही. माणसांचं तसं नसतं. 'त्यात काय एवढं' हे नवऱ्याचं पालुपद होतं, आणि अलीकडे ते ऐकलं की चुकून पाल हाताला लागावी तसं तिला व्हायचं.

ती चढ चढू लागली. जागा रस्त्यापासून थेट खाली घसरत गेली होती. खालच्या टोकाला तारेचं कुंपण, त्यापलीकडे एक बैठं घर आणि त्याची विहीर. सासऱ्यांनी ही जागा घेतली तेव्हा सगळे हसले होते, की इथे घर कसलं, घसरगुंडी होईल. ते गेल्यावर जागा सासूबाईंच्या नावावर झाली आणि एकाएकी दोन्ही मुलांना उताराचे फायदे दिसू लागले. रस्त्याच्या पातळीवर थोरल्याचं घर, त्याच्याखाली उताराला टेकून धाकट्याचं. दोघांची दारं वेगळी, दोघांना उजेड, कुणाचा कुणाला त्रास नाही. सकाळीच ठेकेदारानं जमिनीवर चुन्याच्या रेघा मारून घेतल्या होत्या. अगदी खाली, कुंपणाजवळ, एक चौकोन वेगळा आखला होता. तो मैल्याच्या टाकीचा.

सासूबाई रस्त्याकडेच्या झाडाखाली घडीच्या खुर्चीवर बसल्या होत्या. चुना मारताना घरचं कुणीतरी हवं, म्हणून त्यांना सर्वांच्या आधी ठेकेदाराच्या गाडीतून पाठवलं होतं. ठेकेदार नकाशा त्यांच्यापाशी ठेवून केव्हाच दुसऱ्या कामावर निघून गेला होता. त्या मात्र तिथेच, हातातली काठी जमिनीला टेकवून, खालच्या रेघांकडे बघत बसल्या होत्या.

"आई, ऊन लागत नाही ना?" थोरलीनं विचारलं.

"उन्हाचं काय घेऊन बसलीस. जा, खाऊन घे काहीतरी. हात धू मात्र."

तिनं हात धुतले. पुन्हा धुतले. नखांत वास होता की नाकात, ते तिला ठरवता येईना.

गाडीच्या टपावर डबे मांडले होते आणि पुढच्या झाकणावर नकाशा पसरला होता. चारी कोपऱ्यांवर दगड. धाकटी जाऊ उकडलेली अंडी सोलत होती आणि टरफलं नकाशाच्याच एका कडेला रचत होती. दिरानं अख्खं अंडं तोंडात कोंबलं आणि भरल्या तोंडानं स्वतःच्या बैठकीचा कोपरा बोटानं दाखवू लागला. पिवळ्या बलकाचे कण नकाशावर सांडले. नवऱ्यानं ते बोटाच्या टोकानं टिपून चाटले, मग त्याच ओल्या बोटानं कागद सरळ केला. आपल्या स्वयंपाकघरावर त्या बोटाचा गोल ठसा उमटलेला थोरलीनं पाहिला. कुजल्या अंड्याचा वास अजून तिच्या डोक्यात होता. समोर केलेलं अंडं तिनं मानेनंच नाकारलं.

"वहिनी म्हणजे ना, हात लावीन तिथे जंतू!" दीर म्हणाला. "नवं घर काचेच्या कपाटात बांधू तुमच्यासाठी."

जाऊ हसली. नवराही हसला, जरा जास्तच. आज तो सगळ्यांनाच खूश ठेवत होता. नकाशा उद्या मंजुरीला द्यायचा होता आणि त्यावर मालकिणीची सही राहिली होती.

आणि मालकिणीला त्या नकाशात जागा नव्हती. थोरलीला हे पहिल्या आराखड्यापासून माहीत होतं. तिनं एकदा विचारलंही होतं. नवरा म्हणाला होता, आई काय, कधी आपल्याकडे राहील, कधी धाकट्याकडे, बैठकीत एक दिवाण टाकला की झालं. आणि मग पुढच्याच वाक्यात त्यानं तिला तिची अभ्यासिका दाखवली होती. रस्त्याच्या पातळीवर, एकही पायरी नाही, उत्तरेचा स्वच्छ उजेड, टेबलासाठी अख्खी भिंत. लग्न झाल्यापासून ती जेवणाच्या टेबलाचा एक कोपरा आवरून लिहीत आली होती. तिनं नकाशाकडे पाहिलं होतं आणि दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं. पाणी कुठे मुरतंय हे शोधण्याचा पगार घेणाऱ्या बाईनं तेवढा कानाडोळा केला होता.

दिरानं सासूबाईंना हाताला धरून गाडीपाशी आणलं. वाटेत तो सांगत होता, की आई आता राणीसारखी राहणार, मनात आलं की वर, मनात आलं की खाली.

"दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात," सासूबाई म्हणाल्या.

सगळे मनमुराद हसले. आईच्या तोंडात म्हणी कशा टपलेल्याच असतात, असं जाऊ कौतुकानं म्हणाली. म्हणीचा अर्थ काय, हे कुणी मनावर घेतलं नाही. सासूबाईंनी चष्मा लावला आणि नकाशावर वाकल्या. कागदावर सगळी नावं इंग्रजीत होती, आणि त्यांना इंग्रजी वाचता येत नसे. नवऱ्यानं झरझर समजावलं. हे आमचं, हे त्यांचं, हा जिना, हे वाहनांसाठी. पेनाचं टोपण काढून त्यानं पेन त्यांच्या हातात दिलं आणि खालची मोकळी रेघ दाखवली.

सासूबाईंनी पेन धरलं, पण टेकवलं नाही. त्यांचं डावं बोट कागदावरून सावकाश खाली सरकत गेलं. जिन्यावरून, धाकट्याच्या स्वयंपाकघरावरून, मागच्या दारातून बाहेर, आणि अगदी खालच्या कोपऱ्यातल्या एका लहान चौकोनावर येऊन थांबलं. तिथे ठेकेदाराच्या जाड पेन्सिलीनं, खणणाऱ्या माणसांसाठी, लिहिलं होतं: खोली नऊ फूट. साऱ्या नकाशावर मराठी शब्द काय ते तेवढेच.

"ही माझी खोली ना?" त्यांनी विचारलं.

जावेच्या हातातलं अंडं अर्धंच सोललेलं राहिलं.

"नऊ फूट," सासूबाई म्हणाल्या. "लहान आहे. पण एकटीला किती लागतं?"

दिराच्या नाकातून हसू फुटलं आणि त्यानं ते खोकल्यात बुडवलं. थोरलीनं नवऱ्याकडे पाहिलं. तो आता सांगेल. डोक्याला हात लावेल, म्हणेल, अगं आई, तुझं काहीतरीच. ती वाट पाहत राहिली. त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात बलकाचा एक कण चिकटला होता आणि तिला दुसरं काही दिसेनासं झालं.

"हो," नवरा म्हणाला. "तुझीच."

"खिडकी कुठे आहे?"

"खिडकी काय, काढता येईल नंतर," दीर पटकन म्हणाला. "हा काय शेवटचा नकाशा आहे थोडाच."

"खालच्या अंगाला काढा मग. विहीर दिसेल."

"काढू की," नवरा म्हणाला. "तू सही कर, आई. ऊन वाढतंय."

सासूबाईंनी पेन रेघेवर आणलं.

थोरलीच्या नाकात पुन्हा वास भरला. हा वास बाटलीतला नव्हता. बाटली रुमालात, गाडीच्या मागच्या बाजूला होती. इतकी वर्षं ती ज्याच्या शेजारी झोपली, ज्याच्या ताटातलं उरलेलं कधीमधी खाल्लं, तो माणूस आपल्या आईला मैल्याच्या टाकीत खिडकी काढून देत होता. आणि ती उभी होती. अभ्यासिकेची उत्तरेकडची भिंत तिच्या डोळ्यांसमोर पांढरी, कोरडी, रंगवून तयार होती. पेनाचं टोक कागदाला लागलं, शाईचा एक ठिपका उमटला, तेव्हा कुठे तिच्या तोंडून शब्द निघाला.

"आई, ती राहायची खोली नाही. किती खोल खणायचं ते लिहिलंय. मैल्याची टाकी आहे ती."

रस्त्यावरून एक सायकल गेली.

"असं होय," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी पेन उचललं. "मग माझी कुठली?"

नवरा नकाशाकडे बघत होता, जणू उत्तर त्यातूनच निघणार होतं. दीर कोपऱ्यातला दगड पुन्हा नीट ठेवू लागला. थोरलीनं हात पुढे केला. बोट ठेवायला तिला जड गेलं. एखादी गोष्ट देऊन टाकताना मन हलकं होतं म्हणतात, तिला तसं काही झालं नाही. दात उपटून घ्यावा तसं झालं.

"ही," ती म्हणाली. "पायरी नाही. उजेड आहे."

"अगं, ती तर तुझी..."

"ही," ती पुन्हा म्हणाली, नवऱ्याकडे न बघता.

सासूबाईंनी त्या चौकोनाकडे बराच वेळ पाहिलं. मग पेनाला टोपण लावलं, ते काखेतल्या पिशवीत टाकलं आणि पिशवीची दोरी ओढून घेतली.

"घरी गेल्यावर बघू," त्या म्हणाल्या. "उन्हात माझी सही नीट येत नाही."

नवऱ्यानं समजावलं, दिरानं समजावलं, उद्याची मुदत सांगितली. त्या सगळं ऐकून मान डोलवत राहिल्या, आणि पिशवी काखेतली हलली नाही. शेवटी दोघं भाऊ नकाशाची घडी घालता घालता एकमेकांवर कुजबुजत्या आवाजात उखडले. जावेनं टरफलं गोळा केली आणि कुंपणाच्या दिशेनं, उतारावर, भिरकावून दिली.

थोरलीनं सासूबाईंना गाडीत बसवलं, काठी आत ठेवली, पदर दारात अडकणार नाही असा सारखा केला. तिला वाटत होतं, आता त्या तिच्या हातावर हात ठेवतील. असं वाटल्याचीच तिला शिसारी आली. एक खोली दिली नाही तोच बक्षीस हवं होतं तिला.

सासूबाई काचेतून खाली बघत होत्या.

"टाकी जरा पलीकडे घ्यायला सांग त्यांना," त्या म्हणाल्या. "खालच्यांची विहीर आहे तिथे. मी सकाळी ठेकेदाराला म्हटलं, तर म्हणाला, जागा घरच्यांनी ठरवलीय, आजी. मी फक्त खोली सांगू शकतो."

थोरलीचा हात दारावरच राहिला.

"नऊ फूट पुरे ना, असं मलाच विचारलं त्यानं," सासूबाई म्हणाल्या. "मी हो म्हटल्यावरच नकाशावर लिहिलं."