तुतीच्या टेबलाचे आठ स्क्रू

वखारीतल्या म्हाताऱ्या सुताराने मोबाइलवरचा टेबलाचा फोटो डोळ्यांजवळ नेला, मान डोलावली आणि सहज विचारलं, "खालच्या स्क्रूची भोकं लांबट ठेवलीत ना?"

"ठेवली की," तो म्हणाला.

ठेवली नव्हती. त्या क्षणापासून त्याच्या जिवाला घोर लागला. कापलं म्हणून लाकूड मरत नाही. हवेबरोबर ते रुंदीत फुगतं, आकसतं, आणि सरकायला जागा न ठेवता चौकटीला आवळलं तर एक दिवस उभं चिरतं. हे त्याने वाचलं होतं, चारचौघांना ऐटीत सांगितलंही होतं. स्वतःच्या पहिल्या टेबलाखाली मात्र आठही स्क्रू मनगट दुखेपर्यंत पिळले होते.

टेबल ताईकडे होतं. तिच्या कुंपणालगतची तुती वादळात आडवी झाली तेव्हा "सरपण करू नका" म्हणत ओंडका त्यानेच नेला, चिरून आणला, दोन वर्षं गॅरेजमध्ये फळ्या वाळवल्या. त्या झाडाचं आता हे टेबल आणि चार तुकडे एवढंच उरलं होतं. पुन्हा करू म्हटलं, तरी दुसरी फळी नव्हती.

हवा कोरडी होत चालली. छापखान्यात मुद्रितं तपासताना कुठे कट्‌ वाजलं की काळजात चर्र होई. बागेत गुलाब छाटायला घेतला, तर फांदीगणिक मनात ताईचं टेबल मोडत होतं. पाचव्या दिवशी स्क्रू ड्रायव्हर खिशात घालून तो तिच्या दारात उभा राहिला.

"या मेहुणेबुवा!" भावोजी वर्तमानपत्रामागून म्हणाले. "आज काय अर्धवट टाकून आलात?"

"अहो, बसू तरी द्या त्याला!" ताई चहा घेऊन आली.

टेबलावर जाड चादर होती. ज्या लाकडावर ताईने आजवर साधा रुमाल पडू दिला नव्हता, त्यावर चादर! त्याने चमचा मुद्दाम सोडला आणि शोधायच्या मिषाने खाली शिरला.

खाली तेलाचा जुना, गोडसर वास कोंडला होता. पहिला स्क्रू सैल झाला. दुसरा. तिसऱ्यापाशी चाचपणारं बोट अडलं. फळीच्या टोकापासून वीतभर आत भेग गेली होती, आणि कुणीतरी तीत मेण भरलं होतं. निगुतीने, नखाने दाबून दाबून.

चादरीची कड उचलून ताई वाकली. "सापडला का रे, धाकट्या?" मग तिला स्क्रू ड्रायव्हर दिसला.

"कधी झालं?" त्याने विचारलं.

"महिना झाला. भर दुपारी, फटाका फुटावा तसा आवाज." ती तिथेच फरशीवर बसली. "तुला कळलं असतं, तर पुन्हा रंध्याला हात लावला नसतास तू. माझंच चुकलं, गरम पातेलं ठेवलं होतं."

"पातेल्याने नाही गं. माझी चूक." एवढं बोलायला त्याला पाच दिवस लागले होते.

"चूक कोणाची ते नंतर वाटून घ्या," वरून भावोजी म्हणाले. "विजेरी धरू का?"

आठवा स्क्रू निघाला तशी फळी किंचित हलली, दबलेला श्वास सुटावा तशी. भेग केसभर मिटली, पुरती नाही. ती पुढे पळू नये म्हणून डमरूच्या आकाराचा तुकडा भेगेवर आडवा बसवायला हवा होता, आणि तोही वरून, जन्मभर दिसेल असा.

"फळी घरी नेतो," तो म्हणाला.

"मुळीच नाही! माझी खुर्ची चार वर्षं तुझ्या गॅरेजमध्ये तीन पायांवर उभी आहे. करायचं ते इथे. माझ्या डोळ्यांदेखत."

भावोजी खो खो हसले. त्याला हसता आलं नाही. गाडीतून हत्यारं आणि तुतीचाच एक उरलेला तुकडा आणून त्याने डमरू कापला, फळीवर ठेवला, कडेने चाकूची रेघ ओढली. मग खाच कोरायला पटाशी टेकवली. घाव तिरका पडला, तर भेग या टोकापासून त्या टोकापर्यंत धावणार होती.

"धरू का?" ताईने विचारलं.

"दोन्ही हातांनी. दाबून. आणि बघवत नसेल तर बघू नकोस."

"बघतेय मी," ती म्हणाली, आणि तिने डोळे गच्च मिटून घेतले.

त्याने हातोडी उचलली आणि घाव घातला.