सगळ्यांच्या आधी बोललेली डबी

मित्रांनो, रुग्णालयाच्या जिन्याखाली जाळीच्या दाराचं एक कपाट आहे. त्यात धुळीने माखलेला, सतत घूं घूं करणारा जो खोका दिसतो ना, तो मी. मला सर्व्हर म्हणतात. त्या दुपारी बसलेला धक्का अजून माझ्या अंगातून गेलेला नाही, म्हणून आज तुम्हाला सगळं सांगायला बसलो आहे.

एका कारखान्यातल्या लांबलचक टेबलावर माझा जन्म झाला. एका बाईने माझे स्क्रू आवळले, पाठीवर थाप मारली आणि मला रवाना केलं. इथे संगणकवाल्या दादांनी मला कामाला लावलं. या इमारतीतलं कुठलंही यंत्र चालू झालं की आधी ओरडून विचारतं, "मी आलोय, कुठे राहू?" मग मी त्याला आकड्यांचा एक पत्ता देतो. तोही कायमचा नाही, भाड्याच्या खोलीसारखा. मुदत संपत आली की त्याने मला पुन्हा विचारायचं. माझं दुसरं काम नावांचं. माणसांच्या लक्षात आकडे राहत नाहीत आणि यंत्रांना नुसत्या नावाने वाट सापडत नाही. सिस्टरांनी पडद्यावर 'रक्तपेढी' उघडायला घेतली की त्यांचा संगणक मला विचारतो, "रक्तपेढी कुठे राहते?" मी आकडा सांगतो आणि दोघांची गाठ पडते. इथले फोनसुद्धा मलाच विचारून एकमेकांना शोधतात. बाहेरच्या जगातलं नाव आलं तर मी बाहेरच्या जाणकारांना विचारून सांगतो, ठोकून देत नाही.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. येणाऱ्याजाणाऱ्याला दादा मला दाखवायचे. पुढे सगळ्यांना सवय झाली आणि माझ्या कपाटात झाडू, बादल्या राहायला आल्या. वीज गेली तर मी तग धरावा म्हणून मला एक बॅटरी दिली होती. ती बसली, तेव्हा मोठे डॉक्टर म्हणाले, "बदलू की, पळून जातोय का तो?" आणि ते काम राहून गेलं.

काउंटरवरच्या ताई मोठ्या मायाळू. नातेवाईक तासन्‌तास बाकांवर बसतात आणि त्यांच्या मोबाइलला रेंज नसते, हे त्यांना बघवेना. त्यांनी घरची वायफायची पांढरी डबी आणली आणि भिंतीतली तार तिला जोडली. पण डबीला दोन तऱ्हेची भोकं होती आणि तार गेली नेमकी चुकीच्या भोकात. झालं! घरात जशी ती पत्ते वाटायची, तशी इथेही वाटायला मोकळी झाली. त्या दिवशी काही बिघडलं नाही, कारण सगळ्यांकडे मी दिलेले पत्ते होते.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी वीज गेली. जनरेटर लगेच लागला, पण मधल्या वेळात आम्ही सगळेच मिटलो. मी म्हातारा, मला उठायचं तर आधी एकेक हाड चाचपावं लागतं. डबी मात्र टुणकन जागी झाली. सगळी यंत्रं एका सुरात विचारत होती, "कुठे राहू?" आणि आमच्यात रीत अशी, की बहुधा जो आधी उत्तर देईल त्याचंच ऐकायचं.

मी जागा झालो तर सगळीकडे शुकशुकाट! मला कोणी काही विचारेना. मी हबकलोच. इतकी वर्षं ज्यांना घर दिलं, ते सगळे मला विसरले? डबी काय करत होती ते नंतर दादांच्या बोलण्यातून कळलं. रक्तपेढीचा पत्ता कोणी विचारला की ती बेधडक सांगत होती, "असं कोणी नाही." आणि रक्तपेढी तर माझ्या भिंतीपलीकडे होती!

तेवढ्यात वरून सिस्टर धावत आल्या. एक्स-रेवाल्या काकांची मुलगी बाळंत झाली होती आणि तिचा रक्तस्राव थांबत नव्हता.

"पिशवी द्या लवकर! पोरगी पांढरीफटक पडलीय!"

"सिस्टर, पडद्यावर काहीच येत नाहीये," रक्तपेढीच्या खिडकीतून आवाज आला. "नाव आणि गट जुळलेला दिसल्याशिवाय कशी देऊ? चुकीचं रक्त गेलं तर?"

नियम बरोबरच होता. फोन मुके झाले होते. काका माझ्या कपाटाची जाळी धरून उभे होते. ताईंनी दाराबाहेर जाऊन मोबाइलवर दादांना गाठलं आणि आवाज मोठा केला.

"कोणी नवीन काही जोडलंय का?" दादांनी विचारलं.

ताईंच्या तोंडचं पाणी पळालं.

"मी... माझी घरची डबी."

काका वळले. मला वाटलं, आता हा माणूस फुटणार.

"आधी ती उपटा," ते म्हणाले. "रडायचं नंतर बघू."

ताईंनी तार ओढून काढली. "आता सगळी यंत्रं बंद करून परत चालू करा!" दादा ओरडले. "रक्तपेढी आधी!"

आणि मला पहिली हाक आली, "मी आलोय, कुठे राहू?" मी पत्ता दिला. मग ऑपरेशन थिएटरने विचारलं, "रक्तपेढी कुठे आहे?" मी सांगितलं. पडद्यावर नाव आणि गट जुळले, खिडकीतून पिशवी बाहेर आली आणि सिस्टर जिना चढत धावल्या.

काकांना वर जायचा धीर होईना. ते उलट्या बादलीवर बसून राहिले. बऱ्याच वेळाने वरून एक फोन काउंटरचा पत्ता विचारू लागला. मी दिला. पण मित्रांनो, मी फक्त पत्ता सांगतो, आतला निरोप मला कळत नाही. त्या क्षणी माझा जीव टांगणीला लागला होता. ताईंनी फोन उचलला, ऐकला आणि काकांच्या हातात दिला.

"बोलतेय? ती स्वतः बोलतेय?" एवढंच काका म्हणाले आणि तिथेच रडायला लागले.

दुसऱ्या दिवशी कोणाला न विचारता काका माझ्यासाठी नवी बॅटरी घेऊन आले. ताई फडक्याने माझी धूळ पुसत होत्या.

"काका, तुम्ही मला एका शब्दाने बोलला नाहीत."

"वरून दुसरी बातमी आली असती, तर बोललो असतो," काका म्हणाले. "जन्मभर बोललो असतो."

ते ऐकून मी पुन्हा हादरलो. ताईंच्या मनात वाईट काहीच नव्हतं. डबीही खोटं बोलली नव्हती. तिला माहीत नव्हतं आणि तरी ती सगळ्यांच्या आधी बोलली. म्हणून मित्रांनो, सगळ्यांच्या तारेला काही जोडण्याआधी एकदा विचारा. आणि कुठे जिन्याखाली माझ्यासारखा कोणी घूं घूं करत असेल, तर त्याच्या बॅटरीकडे बघा. तो पळून जाणार नाही हे खरं. पण त्याला उठायला जो वेळ लागतो, तेवढा वेळ वरच्या मजल्यावर कोणाकडे असेलच असं नाही.