वाकलेलं टोक

मित्रांनो, मला उजेडात धरा आणि माझी दोन टोकं मिटवून बघा. ती एकमेकांना भेटत नाहीत, मध्ये केसभर फट राहते. मी एक जुना पोलादी चिमटा आहे आणि या केसभर फटीपायी एकदा तीन वर्षांची मेहनत पाण्यात जाणार होती.

एका कारागिरानं भिंगाखाली घासून माझी टोकं अणकुचीदार केली आणि मी एका प्रयोगशाळेत आलो. काम एकच, नखाहून लहान अशी तांब्याची गोल जाळी उचलायची. तिच्यावर जिवाणू असत, पाण्यासकट इतक्या क्षणात गोठवलेले, की स्फटिक न होता पाण्याची जणू काचच होई. त्यांना सतत द्रव नायट्रोजनच्या थंडीत ठेवत. जरा ऊब लागली, की बर्फाचे स्फटिक होऊन सगळी नासाडी. म्हणून आधी मलाही त्या द्रवात बुडवत आणि मी तापल्या तव्यासारखा चरचरत असे. बुडबुडे थांबेपर्यंत जाळीला शिवायचं नाही, हा तिथला शिरस्ता होता.

मी ज्यांच्या हाताखाली होतो, त्या संशोधक ताई एका सुईच्या मागे लागल्या होत्या. लहान मुलांना जुलाबानं बेजार करणाऱ्या एका जिवाणूच्या अंगात ती असते. तिच्यातून तो आतड्याच्या पेशींत विष टोचतो. "जिवाणू फोडून सुई बाहेर काढली, की तिचा तळ गळून पडतो," ताई म्हणत, "आणि खरी मेख तर तळाशीच आहे." त्यांना ती अख्ख्या जिवाणूत, जागच्या जागी बघायची होती.

एके दिवशी मी ताईंच्या हातून फरशीवर पडलो. टण्ण! त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, मला पुसलं आणि गुपचूप डबीत ठेवलं. माझं टोक वाकलंय का, हे भिंगाखाली धरून पाहिलंसुद्धा नाही. मला तेव्हा राग आला आणि खरं सांगतो, तो अजून येतो.

दुसऱ्या दिवशी माझ्या तिरक्या पकडीपायी चारपैकी तीन जाळ्या वाया गेल्या. शेवटची उरली. जाळी ज्यात बघायची तो मोठा सूक्ष्मदर्शक पाच वाजता दुसऱ्या गटाकडे जाणार होता. पुन्हा पाळी सात महिन्यांनी, आणि तोवर ताईंची नेमणूकच संपत होती. त्यांनी मास्क चढवला, मला गार केलं, जाळी धरली. माझी पकड एकाच बाजूनं बसली. जाळी गर्रकन फिरली आणि पांढऱ्या वाफेत दिसेनाशी झाली.

"काका!"

सूक्ष्मदर्शक सांभाळणारे काका धावत आले. "बाहेर पडली का?"

"नाही. भांड्यातच आहे, तळाशी."

"मग वाचलीय अजून. पण नायट्रोजन उडून चाललाय बघ. आणि हा चिमटा असा काय धरतोय?"

ताईंचा मास्क भराभर आतबाहेर होत होता. "काल पडला माझ्या हातून. मी बोलले नाही."

"धन्य आहेस! तुझी खरडपट्टी नंतर. आधी तो बाजूला ठेव."

काकांनी भांड्यात नायट्रोजन ओतला आणि दुसरा चिमटा बुडवला. बुडबुडे काही केल्या थांबेनात. ताईंचा हात पुढे सरकला.

"थांब! चरचरतोय अजून."

मी टेबलावर पडून ऐकत होतो. माझ्या अंगावर दहिवर साचत होतं. मग एकदाचा तो आवाज थांबला. ताईंनी चिमटा आत घातला आणि अगदी सावकाश, वाफेखालूनच, जाळी सूक्ष्मदर्शकात न्यायच्या दांडीच्या खाचेत बसवली. काकांनी मोठ्यानं श्वास सोडला.

सूक्ष्मदर्शकानं जाळी थोडी थोडी कलती करत एकाच जागेची कितीतरी छायाचित्रं घेतली. काही दिवसांनी ती जुळवली, तेव्हा जिवाणूच्या अंगात रुतलेली सुई दिसली, अख्खी, तळासकट. ताई हसता हसता रडल्या.

ते चित्र आता भिंतीवर आहे. मी खणात असतो, कुणी चुकून वापरू नये म्हणून कमरेला लाल दोरा बांधून. शाळेतली मुलं प्रयोगशाळा बघायला आली, की ताई चित्राआधी मला बाहेर काढतात. "हा माझ्या हातून पडला," त्या सांगतात, "आणि मी गप्प बसले." दर वेळी इथे त्यांचा आवाज अडखळतो. तेवढ्यापुरता माझा राग जातो.

मित्रांनो, हातून वस्तू पडणारच. पण पडली तर लगेच सांगा. मला त्या डबीतून ओरडून सांगता आलं असतं, तर मी रात्रभर ओरडलो असतो.