दोन बोटं माती

बेटावरचं विमानतळ बंद पडून नऊ वर्षं झाली, तरी त्याच्या राखणदाराला लोक अजून 'टाचवाले' म्हणूनच ओळखायचे. विमानतळ म्हणजे काय, तर गवताची एक लांबलचक पट्टी, पत्र्याची खोली आणि वाऱ्याची दिशा सांगणारी कापडी पिशवी. आठवड्यातून तीनदा आठ माणसांचं विमान यायचं, टपालाच्या गोण्या टाकून घाईघाईनं परत जायचं. त्याआधी टाचवाले गुरं हाकलायचे आणि दर पन्नास पावलांवर बुटाची टाच मातीत दाबून बघायचे. ती दोन बोटं खोल रुतली की लाल कापड पसरायचं, वैमानिकानं वरच्यावर माघारी फिरायचं. सव्वीस वर्षांत एक अपघात नाही. लोक थट्टा करायचे, "सरकारचा सगळा भार तुमच्या टाचेवर हो!" टाचवाले मिशीत हसायचे.

बायकोचं आतडं फुटलं, त्या दिवशीही त्यांनी टाच दाबली होती. समुद्र खवळलेला, बोटी बंद, आणि खास तिला न्यायला आलेलं विमान डोक्यावर घिरट्या घालत होतं. तीन ठिकाणी दोन बोटं रुतली. त्यांनी स्वतःच्या हातानं लाल कापड पसरलं. दुसऱ्या दिवशी जमीन वाळली, तोवर ती गेली होती. विमान उलटलं असतं, वैमानिकही गेला असता, एवढ्या एका वाक्यावर टाचवाल्यांनी पुढची अकरा वर्षं ढकलली. ते वाक्य खोटं निघालं तर त्यांच्यापाशी दुसरं काही नव्हतं.

परवा एक तरुण इंजिनियर बोटीनं आला. पट्टी पुन्हा सुरू करता येईल का, ते बघायचं होतं. त्यानं चार ठिकाणी पहार मारली. चारही वेळा ती वीतभर आत जाऊन खणकन वाजली.

"काका, खाली सगळा कातळ आहे," तो हात झटकत म्हणाला. "वर नुसती मुळांची गादी. टाच रुतेल, चाक नाही रुतायचं."

"कितीही पाऊस झाला तरी?"

"कितीही. टाचेचा नियम मऊ जमिनीसाठी असतो. इथं कुणी लावला?"

"आधीच्या राखणदारानं शिकवला," टाचवाले म्हणाले. मग त्यांनी इंजिनियरला धक्क्याची वाट नीट समजावून सांगितली.

घरी येईपर्यंत त्यांना काहीच वाटलं नाही. रडू येईल म्हणून ते वाटेत थोडे थांबलेसुद्धा, पण आलं नाही. आत मुलगी ताटं वाढत होती.

"त्या दिवशी विमान उतरलं असतं," ते दारातूनच म्हणाले. "तुझी आई वाचली असती."

तिचा हात थांबला नाही. "माहीत आहे. पंधरा दिवसांनी वैमानिककाका आले होते ना, तेव्हा बोलले मला. कापड नसतं तर बिनघोर उतरलो असतो म्हणाले."

"अकरा वर्षं गप्प राहिलीस?"

"मी बोलले असते, तर तुम्हाला माफ करायचं की नाही ते ठरवावं लागलं असतं, बाबा. घरात आपण दोघंच."

टाचवाले भिंतीला टेकले. "मग? ठरवलंस?"

"अजून नाही," ती म्हणाली. "हात धुऊन घ्या, गार होतंय."

त्यांनी हात धुतले आणि ताटावर बसले.