आतल्या बाजूचे पोचे

बालमित्रांनो, मला हात लावताना जपून. माझी मधली फळी फुटली आहे आणि तिच्यातून टोकदार ढलप्या बाहेर आल्या आहेत. त्यातल्या एकीवर रक्त वाळलं आहे. ते क्लाइव्हचं आहे. मी इंग्लंडातल्या ग्रिम्सबी गावी बंदराजवळच्या चौदा नंबरच्या घराचा दरवाजा होतो. आता नगरपालिकेच्या आवारात भिंतीला टेकून उभा आहे, आणि सोमवारी माझा भुसा होणार आहे.

अल्फ नावाच्या सुताराने मला अस्सल लाकडातून घडवलं. पत्रांसाठी माझ्या पोटात पितळी फट बसवली आणि तो म्हणाला, "हा आपल्या सगळ्यांना पुरून उरेल." क्लाइव्हची आई मिसेस थर्केटल मला दर शनिवारी पुसायची. दारात कोणीही येऊन विचारपूस केली, की ती म्हणायची, "बरी आहे, तक्रार करण्यासारखं काही नाही." त्या गावात सगळेच असं म्हणतात. मरायच्या दोन दिवस आधी, दोघांनी धरून तिला माझ्यातून बाहेर नेलं, तेव्हाही ती हेच म्हणाली.

क्लाइव्ह बंदरावर मासे साफ करायचा. सव्विसाव्या वर्षी त्याला आवाज ऐकू यायला लागले. माणसं दार फोडून आत येतील आणि तुला घेऊन जातील, असं ते आवाज सांगायचे. ते माझ्यातूनच येतात असं वाटून त्याने मला आधी मुठींनी बडवलं, मग तव्याने, मग कपाळाने. एकदा पोलिसांनी त्याला माझ्यावर दाबून धरलं, त्यात त्याचे दोन दात पडले. माझ्या आतल्या बाजूला तेव्हाचे एकोणीस पोचे आहेत. मला राग आला नाही असं नाही; पण तो बिचारा मला मारत नव्हता, स्वतःला वाचवत होता.

इस्पितळातून तो गोळ्या घेऊन परत आला. डॉक्टरांनी त्याला वीस वर्षं एकच गोष्ट समजावली, की क्लाइव्ह, दार फोडून कोणीही येणार नाही. त्याला काम जमत नव्हतं म्हणून सरकारी भत्ता मिळायचा. भाडं, पाव, चहा आणि तंबाखू, एवढ्यात त्याचं भागत होतं. ते फार नव्हतं, पण आम्ही दोघं जागच्या जागी होतो.

मग सरकारने ठरवलं, की भत्ता घेणाऱ्यांची नव्याने तपासणी करायची. माझ्या फटीतून खाकी पाकिटं पडू लागली. क्लाइव्ह ती पायाने बाजूला सारायचा. शेवटी त्याची बहीण नोरीन आली आणि तिने एक फोडलं. तपासणीला घरी बाई येणार होती.

नोरीन त्याला म्हणाली, "हे बघ, दाढी करू नकोस, घर आवरू नकोस. तुझा सगळ्यात वाईट दिवस कसा असतो तो सांग तिला. लाजू नकोस, लेका."

त्याने मान डोलावली आणि तिच्या सांगण्याच्या बरोबर उलट केलं. पाहुणी येणार म्हणून दाढी केली, आईचे कप काढले, मला व्हिनेगरने पुसलं. माझी पितळी फट घासून घासून चमकवली. मी मूर्ख, मला तेव्हा अभिमान वाटला.

बाई आली. माझ्याकडे पाठ करून बसली आणि तिने विचारलं, "कसे आहात?"

"बरा आहे," क्लाइव्ह म्हणाला, "तक्रार करण्यासारखं काही नाही."

तिने ते लिहून घेतलं. बाहेर जाता का, असं विचारल्यावर तो हो म्हणाला. दुकानात जाण्याआधी तो तासभर माझी मूठ धरून उभा राहतो, चाळीस वेळा मागे फिरतो, कधी तिथेच पँट ओली करतो, हे त्याने सांगितलं नाही. पाहुण्यांना असलं कोण सांगतं? तिच्यामागे एकोणीस पोचे होते. तिने एकदाही वळून पाहिलं नाही.

भत्ता चालू राहायला आजारपणाचे पंधरा गुण हवे होते, क्लाइव्हला शून्य मिळाले. स्वच्छ कपडे, स्वतः चहा केला, नजरेला नजर दिली, असं कागदावर आलं. भत्ता बंद झाला, त्यामागोमाग भाडंही. नोरीनने अपील केलं, पण त्याला महिने लागतात. वीज गेली. तो डब्यातला घेवडा थंडच खाऊ लागला. गोळ्या कधी घ्यायच्या तेही विसरला. कोणीतरी माझ्यावर लाल रंगाने 'फुकट्या' असं लिहून एक लाथ घातली.

आणि एका सकाळी नऊ वाजता थकलेल्या भाड्यापायी घर रिकामं करायला कोर्टाची माणसं खरोखरच आली.

त्यांनी तीन वेळा ठोठावलं. क्लाइव्ह मला पाठ लावून खाली बसला. त्याचं हृदय मला माझ्या फळीत धडधडताना कळत होतं. समोरच्या मिसेस पिंडर चपला न घालता रस्त्यावर आल्या. "अरे, तो दाराला पाठ लावून बसला असणार. त्याचं डोकं ठिकाणावर नसतं रे. त्याच्या बहिणीला येऊ दे."

"कागदावर तसं काही नाही, आजी," त्यांच्यातला एकजण म्हणाला आणि त्याने दार फोडायचा जड लोखंडी ठोकळा उचलला.

पहिल्या घावाला माझं कुलूप तुटलं. दुसऱ्याला बिजागऱ्या उखडल्या आणि आतून क्लाइव्हची किंकाळी आली. मी जीव तोडून उभा राहिलो. तिसऱ्या घावाला माझी फळी फुटली, ढलपी त्याच्या पाठीत घुसली आणि मी सगळ्या वजनासकट त्याच्या अंगावर कोसळलो. तीन माणसं माझ्यावरून चालत आत गेली. खाली त्याच्या बरगड्या मोडल्या, तो आवाज मी ऐकला. ज्याला मी एवढी वर्षं सांभाळलं, त्याला मारायला त्यांनी माझंच हत्यार केलं.

मला बाजूला केल्यावर त्यांच्यासोबत आलेला एक तरुण पोलीस गुडघ्यांवर बसला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. त्याने विचारलं, "कसे आहात, साहेब?"

क्लाइव्हच्या तोंडातून रक्त येत होतं. तो म्हणाला, "बरा आहे. तक्रार करण्यासारखं काही नाही."

मित्रांनो, क्लाइव्ह जगला. तो इस्पितळात आहे आणि आता कुठल्याही दाराशेजारी बसत नाही. माझं मागणं एवढंच आहे. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यातलं कोणी हातात कागद घेऊन लोकांच्या घरी जाल. समोरचा "बरा आहे" म्हणाला, तर पेन जरा खाली ठेवा. उठा, मागे वळा आणि त्याच्या दाराची आतली बाजू बघा.